भुरगें कितेंच खायना!

गोव्यातल्या ज्या घरात आठ-दहा महिन्यांचे मूल आहे, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘भुरगें कितेंच खायना!’ मराठी बोलणारी घरे तेच ‘बाळ काहीच खात नाही हो’ असे म्हणतात, एवढाच काय तो फरक. वाक्य बोलणारी बहुधा आजी असते, ऐकणारी शेजारीण असते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आई उभी असते. ज्याच्यावरून हे सगळे चालले आहे ते मूल मात्र फरशीवरच्या मुंगीमागे रांगण्यात गुंग असते. चेहरा हसरा, मांड्या गुबगुबीत. उपाशी माणूस असा दिसत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे आणि ते काहींना झोंबेल. अशा बहुतेक घरांत मुलाची भूक गेलेली नसते. ती मोठ्यांनी त्याच्या हातातून काढून घेतलेली असते. आधी आपण भूक लागूच द्यायची नाही, मग भूक नाही म्हणून रडायचे, मग जबरदस्ती करायची आणि शेवटी औषध आणायचे, असा हा उद्योग आहे. आणि या उद्योगाला आपण माया म्हणतो.

मी डॉक्टर नव्हे. पण आकडे वाचता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातली मध्यम वजनाची मुलगी घ्या. जन्मतः ३.२ किलो, सहा महिन्यांची ७.३, वर्षाची ८.९ आणि दोन वर्षांची ११.५ किलो. आता वजाबाकी करून बघा. पहिल्या सहा महिन्यांत चार किलोंहून जास्त वाढ. पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम दीड किलो. दुसऱ्या अख्ख्या वर्षात अडीच किलोंच्या आसपास. म्हणजे ज्या वयात आपण ‘खायना, खायना’ म्हणून घर डोक्यावर घेतो, नेमक्या त्याच वयात शरीराने वाढीचा वेग उतरवलेला असतो. शिवाय मूल रांगायला, उभे राहायला, शिडीच्या पायऱ्या चढायला शिकत असते. दात येत असतात. जगात वाटीपेक्षा कितीतरी मोठ्या गंमती आहेत हे त्याला नुकतेच कळलेले असते. सातव्या महिन्यात आवडीने खाणारे मूल नवव्या महिन्यात तोंड फिरवते, त्यात नवल ते काय?

पोटाचेही गणित आहे. या वयात मुलाच्या पोटात एका वेळी, वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस मिलिलिटर मावते. आठ किलोच्या मुलाचे पोट म्हणजे पाव लिटरहून थोडे कमीच. आणि अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून किती हवे? सहा ते आठ महिन्यांत दिवसाला सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, वर्षानंतर सुमारे ५५०. बाकीचे आईचे दूध देते. आता लहानातल्या लहान ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन, दुपारी शेजारच्या काकूंनी कौतुकाने दिलेली दोन. झाली की शंभराच्या आसपास! दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा मैदा आणि साखरेने भरून टाकला, आणि तोही कुणी मोजला नाही. कारण आमच्या हिशेबी बिस्किट म्हणजे ‘खाणे’ नव्हेच!

एका घरातला दिवस मी जवळून पाहिलेला आहे. फोंड्यातलाच फ्लॅट, नात्यातली मुलगी, तिचे दहा महिन्यांचे बाळ. सातला दूध. साडेआठला बिस्किट दुधात बुडवून. साडेनऊला सफरचंदाचा किस. अकराला झोपण्यापूर्वी परत दूध. आणि साडेबाराला वाटीभर वरणभात घेऊन तीन बायका रिंगण करून बसलेल्या! एक पकडणार, एक टाळ्या वाजवणार, एक चमचा कोंबणार. ते पोर ओठ घट्ट मिटून डोके डावीकडे-उजवीकडे करते आहे. ‘नको’ हे याहून स्पष्ट मराठीत कसे सांगायचे? शब्द नाहीत त्याच्याकडे, मान आहे. तिने तो सांगतो आहे. पण आम्ही ‘नाटकं करतो मेला’ म्हणून गाल दाबतो. दाबलेल्या गालातून घास आत जातो, मागोमाग उलटी होते, आणि उलटी झाली म्हणून पुन्हा वाटी भरली जाते.

त्या मुलीच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पाणी पाहिले. मूल जेवले नाही म्हणून नव्हे. सासरचे जो तो तिला सुनावत होता म्हणून. ‘तुला भरवताच येत नाही.’ पोराचे वजन तक्त्यावर अगदी जागच्या जागी होते. पण वजनाचा कागद कोण पाहतो? आमच्याकडे आईची परीक्षा रिकाम्या वाटीने होते.

हीच परीक्षा पाळणाघरातल्या बाईचीही होते. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीला जाणारी आई सकाळी डबा भरून देते आणि संध्याकाळी डबा उघडून बघते. डब्यात अन्न राहिले तर बाईंना जाब विचारला जातो. मग बाई काय करणार? एकतर कोंबणार, नाहीतर उरलेले मांजराला घालणार. दोन्हींत त्या बाईला दोष देणे मला जमत नाही. ‘आज किती खाल्लं’ हा आपला प्रश्नच चुकीचा आहे. ‘आज कसा होता, खेळला का, लघवी किती वेळा झाली’ हे विचारा, म्हणजे खरे उत्तर मिळेल.

बळजबरी थकली की मोबाइल येतो. डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडे, आणि आई विजयी मुद्रेने सांगते, ‘सगळं संपवलं!’ संपवले खरे, पण कुणी? त्या मुलाने नाही. त्याला आपण काय खाल्ले, गोड की आंबट, मऊ की दाणेदार, पोट भरले की नाही, यातले काहीच कळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये. आमच्याकडे पडद्याशिवाय घास उतरत नाही. चिऊ-काऊचे घास आणि हे एकच, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. एकच कसे? चिऊ-काऊच्या घासात आई मुलाशी बोलत असते, मूल आईच्या तोंडाकडे बघत असते, कावळा अंगणात खरोखर बसलेला असतो. घासाच्या दोन्ही टोकांना माणूस असतो. मोबाइलच्या घासात दोन्हीकडे कुणीच नसते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे बाटली. ‘भुकेचे टॉनिक’ म्हणून औषधाच्या दुकानात जी बाटली मिळते, तिच्यात पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन नावाचे औषध असते. हे मुळात ॲलर्जीवरचे औषध. त्याने झोप येते, आणि भूकही वाढते. बघा म्हणजे कसे आहे ते. आधी बिस्किटाने भूक मारायची, मग गुंगी आणणाऱ्या औषधाने ती जिवंत करायची! धडधाकट मुलाला, डॉक्टरला न विचारता, शेजारणीच्या सांगण्यावरून ही बाटली पाजणे याला मी माया म्हणणार नाही.

आणि मग डबा. तान्ह्या मुलांच्या अन्नाची जाहिरात करू नये म्हणून आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे तयार अन्नही त्यात आले. कायद्याचे कलम भिंतीवर आहे, आणि डबा आमच्या फळीवर! एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने दाखवून दिले की एका जगप्रसिद्ध कंपनीचे बाळ-अन्न युरोपात वरून साखर न घालता विकले जाते आणि भारतात मात्र साखर घालून. दोन वर्षांच्या आत मुलांना वरून साखर देऊ नये, असा सल्ला तज्ज्ञ घसा कोरडा करून देतात. सहाव्या महिन्यापासून गोड पिठाची सवय लागलेल्या जिभेला नवव्या महिन्यात दुधीची भाजी फिकी लागली, तर दोष जिभेचा की डब्याचा?

इथे काही वाचक टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, ‘बरोबर! आमचं पारंपरिकच चांगलं. पेज, नाचण्याचं तिझण...’ थांबा. गोव्याच्या पेजेचा अभिमान मलाही आहे. अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि सोबत तोंडी लावायला तोर, यावर कष्टाची माणसे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. पण ती मोठ्या पोटांची गोष्ट. पाव लिटरच्या पोटात पेजेची निवळ ओतली तर पोट तट्ट फुगते आणि अंगी काहीच लागत नाही. पातळ तिझण दोन वाट्या प्यायलेले मूल वरणभात कसे खाणार? बाळाचे अन्न चमच्यावरून ओघळू नये इतके घट्ट हवे, ही साधी कसोटी आहे. नाचणे चांगलेच, नारळाचा रसही चांगला, पण तिझण घट्ट शिजवा, आणि वर्षाच्या आत गूळ, साखर, मीठ यांना हात लावू नका. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून होणारा बोट्युलिझम हा आजार जिवावर बेततो. उष्टावणाच्या दिवशी देवळात पायसाचा कण जिभेला लावला म्हणून काही बिघडत नाही, पण रोजचे उष्टावण नको.

परंपरेतली दुसरी एक गोष्ट मात्र आपण सोडली आणि तीच धरायला हवी होती. पूर्वी मूल मांडीवर घेऊन घरची माणसे जेवायला बसत. कुणाच्या तरी ताटातला मऊ भात, कुणी काटे काढून दिलेली मुडदुशी, कुणी उकडलेल्या कणग्याचा तुकडा, असे मूल जेवायला शिके. हाताने चिवडे, अर्धे सांडे, अर्धे खाई. आज मुलाचे जेवण वेगळे, वेळ वेगळी, भांडी वेगळी, आणि मिक्सरमधून काढलेला तो एकरंगी लगदा! गाजर, बटाटा, डाळ, भात सगळे एकत्र फिरवून हिरवट-पिवळट पाणी करायचे आणि दहा महिने तेच भरवायचे. तुम्ही खाल का दहा दिवस? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या पाहणीत दिसून आले की ज्यांना दहाव्या महिन्यानंतर पहिल्यांदा दाणेदार अन्न मिळाले, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी पुढे जास्त राहिल्या. चावायला शिकण्याचाही एक काळ असतो. तो मिक्सरमध्ये फिरवून टाकू नये. तोंड फिरवणारे मूल पुष्कळदा जेवणाला नाही म्हणत नसते, लगद्याला नाही म्हणत असते.

‘पण मुलाला काय कळतं किती खायचं ते?’ हा हुकमी प्रश्न. कळते, आणि हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तपासून झाले आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून पंधरा मुलांवर एक प्रयोग केला. नुकतीच अंगावरून तुटलेली ही तान्ही मुले. त्यांच्यापुढे धान्य, फळे, भाज्या, अंडी, मांस, दूध असे साधे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांतून मांडले जात. एकूण यादी ३४ पदार्थांची. परिचारिकेला सक्त ताकीद, की मुलाने हात केल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, आग्रह करायचा नाही आणि नाके मुरडायची नाहीत. मुलांनी वाटेल तसे खाल्ले. एका दिवशी एकच पदार्थ ढीगभर, दुसऱ्या दिवशी त्याला स्पर्श नाही. पण महिन्यांचा हिशेब केला तेव्हा सगळी मुले छान वाढलेली. १९३९ साली त्यांनी याचा गोषवारा मांडला तेव्हा खरी मेख स्वतःच सांगितली. ती मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते. म्हणजे वाटीत काय असावे हे मोठ्यांनी ठरवले होते. किती खायचे हे मुलांनी.

अमेरिकेतल्याच आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात हीच वाटणी सोप्या शब्दांत मांडली. काय, कधी आणि कुठे, हे आईबापांचे काम. किती, आणि खायचे की नाही, हे मुलाचे. आपण नेमके उलटे करतो. काय आणि कधी हे मुलाच्या रडण्यावर सोडतो (रडला, द्या बिस्किट!), आणि किती हे मात्र आपण ठरवतो.

आता एक आक्षेप असा आहे की तो हसण्यावारी नेता येणार नाही. ‘ज्या देशात मुलं कुपोषित आहेत, तिथे मुलाला नको तर राहू द्या म्हणणं हे खात्यापित्या घरचं तत्त्वज्ञान.’ आक्षेपातली काळजी खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयी. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११ टक्के. आपल्या गोव्यातही निम्म्याहून जास्त मुलांत रक्त कमी. पण हे आकडे काय सांगतात? घास कोंबायला आपण कमी पडलो असे नव्हे. वाटीत डाळ, अंडे, मासळी, पालेभाजी, फळ पडत नाही, असे सांगतात. जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतो. लोह कमी झाले की भूकही मंदावते. मग भूक नाही म्हणून मूल दुधावरच राहते, गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नाही, आणि चक्र फिरत राहते. ते चक्र गाल दाबून तुटत नाही. मुडदुशी, अंडे, डाळ आणि बरोबर लिंबाचे चार थेंब यांनी ते तुटायला लागते. आणि ‘कोंबू नका’ म्हणजे ‘सोडून द्या’ नव्हे. समोर बसायचे, चार वेळा विचारायचे, हसायचे, वाट बघायची. याला कोंबण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ती वेळ द्यायची आपली तयारी नसते, म्हणून तर मोबाइल आला.

मग करायचे काय? फार काही नाही. दूध आणि जेवण यांत दोन-अडीच तासांचे अंतर ठेवा. मधली बिस्किटे, रस, वरचे चाखणे बंद. घरातल्या सगळ्यांनी बंद, आजोबांनीसुद्धा. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा अन्न पुढे ठेवा. घरच्यांबरोबर, ताठ बसवून, पडदा बंद करून. एक त्याच्या ओळखीचा पदार्थ, एक नवा. हातात धरता येईल असे काहीतरी असू द्या: उकडलेले मऊ कणगे, केळ्याचा तुकडा, इडली, शिजलेला दुधी. कडक आणि गोल वस्तू मात्र नकोत. द्राक्ष, शेंगदाणे, चणे घशात अडकतात. एक चमचा तुमच्या हातात, एक त्याच्या. सांडू द्या, फरशी पुसता येते. वीस-पंचवीस मिनिटांनी वाटी उचला, खाल्ले असो वा नसो, तोंड वाकडे न करता. बदली पदार्थ द्यायचा नाही. पुढच्या वेळेला परत वाढा. नवी चव मुलाला पटायला आठ-दहा वेळा पुढे यावी लागते, आपण दोनदा नाकारली की ‘त्याला आवडतच नाही’ असा शिक्का मारतो. सर्दी, ताप, दातांचा ठणका असेल तर दोन-चार दिवस दूध जास्त, घास लहान आणि वरचेवर. बरे झाले की मूल स्वतःच मागून घेते.

आणि डॉक्टरकडे केव्हा? वजन घटत असेल किंवा महिना-दोन महिने जागचे हलत नसेल, दूधही नाकारत असेल, लघवी कमी झाली असेल, मूल मलूल असेल, गिळताना दरवेळी ठसकत असेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील, तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. फिकट दिसत असेल तर रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरकडे गेल्यावर ‘काही खात नाही’ एवढेच सांगू नका. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेले ते कागदावर लिहून न्या. बिस्किटांसकट. निम्म्या घरांत तो कागद लिहितानाच रोगाचे निदान होईल.

राहता राहिला प्रश्न त्या आरोपीच्या पिंजऱ्यातल्या आईचा. माझी सगळ्या आज्यांना, मावश्यांना, आत्यांना आणि फोनवरून चौकशी करणाऱ्या समस्त गणगोताला हात जोडून विनंती आहे. ‘जेवला का?’ हा प्रश्न महिनाभर विचारू नका. मूल तोंड फिरवते तेव्हा ते ‘पुरे’ म्हणते आहे. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी ठरवते आहे. त्याचे ‘पुरे’ ऐकायची सवय आत्ता लागली नाही, तर उद्या त्याचे दुसरे कुठलेच ‘नको’ आपल्याला ऐकू येणार नाही.

वाटी चांगली भरा. मग हात मागे घ्या.